नाशिकच्या वायनरीत नेमकं कधी जायचं? पालीहून निघण्याआधी द्राक्षाचं हे उलटं कॅलेंडर समजून घ्या

बीड शहर सोडून सोलापूरच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात पाली लागतं. धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव, शेजारी बिंदुसरा धरण आणि आजूबाजूला बालाघाटचे डोंगर. या भागात कुणी फेब्रुवारीत येऊन "सीताफळं कुठं मिळतील?" असं विचारलं तर लोक त्याच्याकडे वर-खाली बघतील. कारण बीडचं सीताफळ, जीआय मानांकन मिळालेलं सीताफळ, दसरा-दिवाळीच्या आसपास झाडावर असतं हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे.

पण द्राक्षांच्या बाबतीत आपण नेमका हाच घोळ घालतो.

मोबाइलवर "वाइन टूरसाठी बेस्ट सीझन" असं शोधलं की बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, सप्टेंबर-ऑक्टोबर. मग चार मित्र किंवा दोन जोडपी मिळून दसऱ्याच्या सुट्टीचा प्लॅन करतात, गाडी काढतात, पाच-सहा तास प्रवास करून नाशिकला पोचतात आणि बघतात तर काय, बागेत नुसत्या काड्या. ना पान, ना घड. कारण ते सप्टेंबर-ऑक्टोबरचं उत्तर फ्रान्स-इटलीचं असतं, आपलं नसतं.

घाई असेल तर उत्तर आधीच घ्या. वेलीवर पिकलेली द्राक्षं आणि वायनरीत चालू असलेलं काम, दोन्ही बघायचं असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीअखेर, आणि शक्यतो सोमवार ते गुरुवार. द्राक्षांशी फार देणंघेणं नाही, हिरवे डोंगर आणि ढग हवेत, तर ऑगस्ट-सप्टेंबर. एप्रिल-मे मध्ये मात्र खास वायनरीसाठी एवढ्या लांब जाऊ नका.

आता हे असं का, ते बघू. कारण एकदा समजलं की दरवर्षी कुणाला विचारायची गरज पडत नाही.

वेल एक, छाटण्या दोन

युरोपात हिवाळ्यात बर्फ पडतो. थंडीत वेल झोपी जातो, पानं गळतात. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात, उन्हाळाभर घड वाढतात आणि ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत तोडणी होते. वर्षाला एक चक्र, आणि ते हवामानच ठरवतं.

नाशिक आहे साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. जगातले बहुतेक नावाजलेले वाइन प्रदेश ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात आहेत. म्हणजे आपल्याकडे वेलाला झोपवेल इतकी थंडीच नाही. तो बारा महिने वाढत राहू शकतो. पण उन्हाळ्यात फुलोरा आणून ऐन पावसाळ्यात घड पिकू दिले तर काय होईल, हे द्राक्ष बागायतदाराला विचारा. केवडा आणि भुरी हे दोन रोग बाग साफ करून टाकतील आणि जे मणी उरतील ते पावसाच्या पाण्याने तडकतील.

म्हणून महाराष्ट्रातला शेतकरी वर्षातून दोनदा कात्री चालवतो. पहिली एप्रिलच्या आसपासची खरड छाटणी. तोडणी संपल्यावर वेल जवळजवळ बोडका केला जातो. त्यानंतर ज्या नव्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत तयार होत असतात. दुसरी छाटणी पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जिला गोडी छाटणी किंवा फळछाटणी म्हणतात. या छाटणीनंतर डोळे फुटतात आणि त्यातून घड बाहेर येतो.

ब्राझीलमध्ये साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात असंच उष्ण हवामान आहे आणि तिथे पाणी-छाटणीच्या जोरावर वर्षाला दोन पिकंही घेतली जातात. आपल्याकडे दोन छाटण्या करून पीक मात्र एकच घेतात, तेही कोरड्या, थंड महिन्यांत.

गंमत अशी की त्यामुळे नाशिक उत्तर गोलार्धात असूनही त्याचा हंगाम जुळतो दक्षिण आफ्रिका, चिली आणि ऑस्ट्रेलियाशी. तिकडेही द्राक्षं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच उतरतात. फ्रेंच कॅलेंडर बघून नाशिकला जाणं म्हणजे नेमक्या उलट्या टोकाला जाणं.

मग कोणत्या महिन्यात काय दिसतं?

ऑक्टोबरमध्ये छाटणी सुरू असते. सगळ्या बागा एकाच दिवशी छाटत नाहीत, त्यामुळे एका बाजूला काड्या आणि दुसऱ्या बाजूला कोवळी लालसर-हिरवी फूट असं दृश्य दिसतं. शेतीत रस असणाऱ्याला हे बघायला आवडेल. फोटोसाठी जाणाऱ्याची मात्र निराशा होते.

नोव्हेंबरमध्ये पानं भरतात, फुलोरा येतो, मग बाजरीच्या दाण्याएवढे मणी. शेतकऱ्याची झोप उडवणारा महिना हाच. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, गारपीट आणि अवकाळी पाऊस झाला आणि ऐन भरातल्या बागा झोडपल्या गेल्या. पर्यटकाचा फार तर वीकेंड वाया जातो, बागायतदाराचं अख्खं वर्ष जातं.

डिसेंबरमध्ये घड भरलेले असतात, पण बहुतेक आंबट. हवा मात्र सुंदर. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो आणि बातम्यांमध्ये 'महाराष्ट्राचं काश्मीर' वगैरे सुरू होतं. ही थंडी पर्यटकाला गुलाबी वाटते. बागायतदार मात्र पहाटे बागेत शेकोट्या पेटवून किंवा ठिबक चालू करून मणी तडकू नयेत म्हणून धडपडत असतो. याच सुमारास मण्यांत 'पाणी उतरतं', म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होऊ लागतो, त्यात साखर भरू लागते आणि काळ्या जातींचा रंग बदलायला लागतो. एकाच घडात हिरवे, गुलाबी आणि जांभळे मणी बघायचे असतील तर डिसेंबरचा शेवट ते जानेवारीची सुरुवात, एवढाच काळ असतो.

जानेवारी ते मार्च ही तोडणी. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

एप्रिल-मे मध्ये खरड छाटणी झालेली असते. पारा चाळिशीच्या आसपास. वायनरी उघडी असते, टाक्या आणि बॅरल दाखवतात, संध्याकाळी गंगापूर धरणावरून वारा येतो, तेवढंच. बीडच्या उन्हातून निघून नाशिकच्या उन्हात जायचं असेल तर प्रश्न नाही.

जून ते सप्टेंबर हा रीलचा हंगाम. वेल पानांनी गच्च, मागे ढगात बुडालेले डोंगर. इन्स्टाग्रामवर नाशिकच्या वायनरीचे जे सर्वांत हिरवेगार व्हिडिओ दिसतात ते बहुतेक याच काळातले. त्यात एक गोष्ट नसते, ती म्हणजे द्राक्षं. नीट बघा, घड एकही दिसणार नाही. व्हिडिओ खोटा नसतो, आपण त्यात नसलेली गोष्ट गृहीत धरतो इतकंच.

पावसाबद्दल आणखी एक. नाशिक जिल्हा म्हणजे एकच हवामान नव्हे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात पाऊस मध्यम पडतो, तर इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त. इगतपुरी तालुक्यात सांजेगावजवळ ग्रोव्हर झाम्पा आणि कावनईच्या बाजूला व्हॅलोने या वायनरी आहेत. भर पावसात धबधबे, भातशेती आणि वायनरी असं एकत्र हवं असेल तर त्या बाजूला जाणं जास्त मजेचं. बिंदुसरा भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अख्खं बीड तिकडे लोटतं, त्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

तोडणीच्या दिवसांत नेमकं काय बघायला मिळतं?

खरं तर या दिवसांसाठीच एवढ्या लांब जाणं वसूल होतं.

सगळी द्राक्षं एकदम तोडत नाहीत. फसफसणाऱ्या, म्हणजे स्पार्कलिंग वाइनसाठी आंबटपणा जास्त लागतो, म्हणून ती द्राक्षं सर्वांत आधी, थोडी कच्ची असतानाच उतरवतात. मग शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां अशा पांढऱ्या जाती. त्यानंतर शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों वगैरे काळ्या जाती, ज्या मार्चपर्यंत चालतात. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला तो यासाठीच. त्या दिवसांत पांढऱ्या जातींची तोडणी चालू असते आणि काळ्या जातींचे घड अजून वेलीवर लटकलेले असतात. मार्चमध्ये गेलात तर बऱ्याच ओळी रिकाम्या मिळतील.

तोडणी पहाटे किंवा अगदी सकाळी उरकतात. ऊन चढलं की द्राक्ष तापतं, क्रेटमध्येच रस सुटून आंबायला सुरुवात होते आणि वाइनची चव बिघडते. म्हणजे सकाळी ११ला चहा-नाश्ता आटोपून वायनरीत पोचणाऱ्याला तोडणी दिसत नाही. ती बघायची तर आदल्या दिवशी मुक्काम करावा लागतो आणि वायनरीला आधी विचारावं लागतं की सकाळी बागेत जाऊ देणार का. सगळेच देत नाहीत.

दुपारी मात्र कारखान्याच्या बाजूला खरी धांदल असते. क्रेट भरून गाड्या येतात, द्राक्षांचं वजन होतं, साखर मोजतात, मग यंत्रात देठ वेगळे आणि मणी वेगळे होतात. पांढऱ्या वाइनसाठी रस लगेच दाबून काढतात आणि साली बाजूला करतात. रेड वाइनसाठी रस सालींसकट आंबवतात, कारण रंग सालीत असतो, रसात नसतो. काळं द्राक्ष सोलून बघा, आतला गर फिकटच निघतो. एरवी गाइड हे तोंडी सांगतो. फेब्रुवारीत ते डोळ्यांसमोर घडत असतं, आणि आंबणाऱ्या रसाचा वास अख्ख्या शेडमध्ये भरलेला असतो.

बागेत एक गोष्ट लक्षात येईल. आपण खातो त्या द्राक्षांचा मांडव डोक्यावर किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखा फाकलेला असतो. वाइनचे वेल बहुतेक ठिकाणी तारांवर उभे चढवलेले, कुंपणासारख्या ओळींत असतात. घड लहान, मणी लहान, साल जाड आणि आत बी. तोंडात टाकून बघितलं तर लोक म्हणतात, "ही काय द्राक्षं?" पण साखर त्यात खाण्याच्या द्राक्षांपेक्षा जास्त असते. परवानगीशिवाय तोडून खाऊ मात्र नका. बाग कुणाची तरी आहे, आणि फवारणी कधी झाली ते तुम्हाला माहीत नसतं.

हातात कात्री घेऊन ओळीत वाकलेल्या बाया-माणसांपैकी अनेक जण सुरगाणा, पेठ, दिंडोरीच्या आदिवासी पाड्यांवरून मजुरीला आलेले असतात. याच महिन्यांत बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेलेली असतात, त्यामुळे पालीकडच्या माणसाला हंगामी मजुरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. त्यांचा फोटो घ्यायचा तर आधी विचारा, एवढं पुरे.

पायांनी द्राक्षं तुडवण्याचा खेळही याच काळात असतो. त्या द्राक्षांची वाइन करून विकत नाहीत, तो निव्वळ पर्यटकांसाठीचा कार्यक्रम आहे. तो दररोज असेलच असं नाही, त्यामुळे त्याच्यासाठी जाणार असाल तर तारीख आधी विचारा.

महिना बरोबर, तारीख चुकली

हंगाम ठरला तरी तारखेत फसायला भरपूर वाव आहे. मुंबई-नाशिक अंतर १७०-१८० किलोमीटर आणि पुणे-नाशिक दोनशेच्या थोडं वर. म्हणजे दोन्ही शहरांना नाशिक हा शनिवार-रविवारचा मामला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पाही सुरू झाला, त्यामुळे मुंबईकडून येणं आणखी सोपं झालं. फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी गंगापूर-सावरगाव बाजूला गाड्यांची रांग बघितली की वाइनचा मूड तिथेच उतरतो. पालीहून एवढा लांबचा पल्ला मारून टेस्टिंगसाठी ताटकळायचं असेल तर तुमची मर्जी. नाहीतर मंगळवार-बुधवार धरा. खोल्याही तेव्हा तुलनेने स्वस्त मिळतात.

सर्वांत मोठा सापळा २६ जानेवारीचा. हंगाम ऐन भरात, जोडून सुट्टी, सगळं जुळून येतं आणि त्या दिवशी असतो ड्राय डे. बाग बघता येईल, जेवता येईल, पण टेस्टिंग नाही आणि बाटलीही विकत मिळणार नाही. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला हेच. निवडणुका असतील तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास विक्री बंद असते. यंदाची ड्राय डेची यादी आणि निवडणुकीच्या तारखा बघूनच बुकिंग करा.

फेब्रुवारीत सुलाफेस्ट असेल तर तेही आधी तपासा. सुला विनयार्ड्सने २००८ साली सुरू केलेला हा संगीत महोत्सव द्राक्ष हंगामातच भरवला जातो. गाणं ऐकायला जाणाऱ्यासाठी तो वेळ उत्तम. शांतपणे बाग बघायची असेल त्याने त्या तारखा टाळलेल्या बऱ्या.

देवदर्शन आणि वायनरी एकाच फेरीत उरकणारे बीडकर कमी नाहीत (घरी काय सांगायचं तो ज्याचा त्याचा प्रश्न). त्यांनी पौष वद्य एकादशी बघून ठेवावी. त्या सुमारास, म्हणजे जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा असते आणि दिंड्या पायी येत असतात. नाशिक-दिंडोरी-वणी रस्त्याला नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगीची गर्दी असते, आणि दिंडोरीकडच्या वायनरींची वाट हीच. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये तर नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दोन महिन्यांत हिरवळ बघायला नाशिकला जाण्याचा विचारही नको.

नाशिकच का? अकलूज जवळ आहे की

आता पालीकरांसाठी एक गोष्ट, जी मुंबई-पुण्याच्या ट्रॅव्हल लिस्टमध्ये सहसा नसते.

नाशिकचं नाव मोठं होण्याला कारणं आहेत. २००० साली सुलाची पहिली वाइन आली, २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क ठरले. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि वायनरी ही फिरायला जायची जागा झाली. पुढे यॉर्क, सोमा अशी नावं त्याच गंगापूर परिसरात जोडली गेली. एका दिवसात दोन-तीन ठिकाणं बघायची सोय आज राज्यात नाशिकलाच आहे. 'नाशिक व्हॅली वाइन'ला जीआय मानांकनही आहे.

पण पालीहून दक्षिणेकडे बघितलं तर सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात फ्रॅटेलीच्या बागा आहेत. इटलीतले भाऊ, दिल्लीकडचे भाऊ आणि अकलूजचं मोहिते-पाटील घराणं यांनी मिळून उभारलेली ही वायनरी. फ्रॅटेली या इटालियन शब्दाचा अर्थच 'भाऊ'. पालीहून येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी करत अकलूज साधारण पावणेदोनशे किलोमीटर पडतं. नाशिक पाऊणतीनशे ते तीनशे. म्हणजे जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरचा फरक.

हवामान इथे पूर्ण वेगळं. सह्याद्रीच्या सावलीतला कोरडा पट्टा, पाऊस कमी, ऊन जास्त. त्यामुळे पावसाळ्यातली इगतपुरीसारखी हिरवळ इथे शोधू नका. इथे जाण्याचा काळ एकच, डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सोलापूरचं ऊन काय असतं हे बीडच्या माणसाला माहीत आहे. शिवाय इथे अचानक जाऊन दार वाजवायची पद्धत नाही. आधी बोलून, बुकिंग करूनच जावं लागतं. नाशिकसारखी दहा हॉटेलं आणि रात्रीची चहलपहल इथे नाही. ज्याला गर्दी नको आणि बाग शांतपणे बघायची आहे, त्याला अकलूजच आवडेल.

या रस्त्यावर एक सावधगिरी मात्र हवीच. द्राक्षाचा हंगाम आणि उसाचा गळीत हंगाम एकाच वेळी असतो. टेंभुर्णी-अकलूज पट्ट्यात त्या दिवसांत उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सतत चालू असतात, आणि रात्री मागे रिफ्लेक्टर असेलच याची खात्री नाही. अंधार पडायच्या आत पोचा.

जाताना काय लक्षात ठेवायचं

नाशिकला जायला पालीहून दोन सोपे रस्ते. एक बीड-अहिल्यानगर-संगमनेर-सिन्नर, दुसरा गेवराई-शेवगाव-नेवासा-शिर्डी-सिन्नर. दोन्हीकडून पाच-सहा तास धरून चला. १७ सप्टेंबर २०२५ पासून बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली आहे, पण नाशिक रोडला जायचं तर पुढे मनमाडमार्गे गाडी बदलत जावं लागतं. हौस असेल तर करून बघा, वेळ वाचणार नाही.

एका दिवसात जाऊन परत येण्याचा विचार सोडून द्या. टेस्टिंगमध्ये चार-पाच वाइनचे घोट-घोट असले तरी त्यांची बेरीज होते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच गुन्ह्यात १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड हा तसा किरकोळ भाग. सिन्नर ते संगमनेर रात्री गाडी चालवणं शुद्धीत असतानाही सोपं नसतं. मुक्काम करा, नाहीतर न पिणारा माणूस स्टिअरिंगवर बसवा. वय २१ पूर्ण नसेल तर टेस्टिंग मिळत नाही, ओळखपत्र सोबत हवं.

घरात कुणी पीत नसेल तरी फेब्रुवारीची ही फेरी वाया जात नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत हा सगळा पट्टा तेव्हा खाण्याच्या द्राक्षांनी भरलेला असतो आणि रस्त्याच्या कडेला पेट्या विकायला असतात. एप्रिलमध्ये किंवा ऑगस्टमध्ये गेलात तर न पिणाऱ्यांसाठी दाखवायला फारसं काही उरत नाही, हाही हिवाळा निवडण्यामागचा एक हिशेब आहेच.

कपड्यांचं म्हणाल तर जानेवारीत पहाटे स्वेटर लागतोच आणि दुपारी एकला तोच स्वेटर कमरेला बांधावा लागतो. बूट बागेत चालता येतील असे घ्या. ठिबकमुळे ओळींत माती ओली असते, पांढरे स्नीकर्स घालून गेलेल्यांचे हाल बघवत नाहीत.

आणि फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्च असा प्लॅन असेल तर हवामानाचा अंदाज बघूनच निघा. २०१४ साली फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने मराठवाड्यासह राज्याचा मोठा भाग झोडपला होता, ते बीडमध्ये अजून कुणी विसरलेलं नाही. त्यानंतरही या दिवसांत आभाळ भरून येण्याचे प्रकार होत राहिले आहेत.

फोनवर विचारायचा एकच प्रश्न

कॅलेंडर कितीही पाठ केलं तरी तोडणी दरवर्षी त्याच तारखेला येत नाही. पाऊस लांबला की गोडी छाटणी लांबते, छाटणी लांबली की तोडणीही पुढे सरकते. सप्टेंबरच्या सुरुवातीला छाटलेली बाग जानेवारीत रिकामी झालेली असू शकते, ऑक्टोबरच्या अखेरीला छाटलेली मार्चपर्यंत चालते.

म्हणून वायनरीला फोन करून "सीझन चालू आहे का?" असं विचारू नका. त्यावर उत्तर बाराही महिने "हो, या ना" असंच येतं. त्याऐवजी विचारा, "यंदा गोडी छाटणी कधी झाली, आणि कोणत्या जातीची तोडणी कधी अपेक्षित आहे?" छाटणीच्या तारखेत चार ते साडेचार महिने मिळवा, जात आणि थंडी यांच्यामुळे पाच-दहा दिवस इकडेतिकडे धरा. १० ऑक्टोबरला छाटलेली बाग म्हणजे साधारण १० ते २५ फेब्रुवारी. त्यातले शनिवार-रविवार आणि सुलाफेस्ट असेल तर त्या तारखा खोडा. उरलेल्या दिवसांतून सुट्टी मागा.